लटारूच्या घरचे केस

गोंडपिपरीकडच्या गावांत बाया डोकं विंचरतात तेव्हा फणीत आलेला गुंता फेकून देत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून त्याची गोळी करायची आणि कौलाखालच्या वाशाला टांगलेल्या प्लास्टिकच्या पन्नीत टाकायची, अशी पद्धत. कारण महिन्या-दोन महिन्यांनी लटारू येतो. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना दोन बांबूचे डाले, त्यात वाट्या, ताटं, पराती आणि गंज, म्हणजे वरण शिजवायची उभट पातेली. गाडी चौकात लावायची, घाम पुसायचा आणि एकच आवाज द्यायचा, "केसावर गंऽऽज!" मग घराघरांतून पन्न्या निघतात. लटारू केस तोलतो, पन्नी पोत्यात रिकामी करतो आणि बाईच्या हातात भांडं ठेवतो. बाईला वाटतं, कचरा देऊन भांडं आणलं. लटारूला वाटतं, भांडं देऊन केस आणले. दोघंही खूश, असा धंदा जगात फार थोड्यांच्या नशिबी असतो.

हे केस पुढे मोठ्या व्यापाऱ्याकडे जातात, तिथून म्हणे परदेशात जातात आणि त्यांचे टोप होतात. लटारूला या गोष्टीचं फार कौतुक. अमेरिकेतली एखादी मडमीन तुमचे केस डोक्यावर घालून लग्नाला जात असन, असं त्याने एकदा एका गावातल्या बायनाबाईला सांगितलं, तर बायनाबाई पुढचे आठ दिवस हापशीवर ताठ मानेने पाणी भरायला जात होती.

हाताचा मात्र तो पक्का. पन्नीत हात घातला की न पाहता सांगायचा, हे म्हातारीचे, हे पोरीचे, हे मेहंदीचे, हे काळा रंग लावलेले. एका बाईने वजन वाढावं म्हणून म्हशीच्या शेपटीचे केस मिसळले होते. लटारूने ते शांतपणे वेगळे काढले, तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "हे म्हशीचे हायेत, बाई. म्हशीले वाटी वेगळी देतो." ती बाई त्यानंतर वर्षभर लटारूचा आवाज आला की मागच्या दाराने शेतावर जायची.

आता ज्याचा हात वीस वर्षं केसांत, त्याला केसांमधलं कळतच असणार, असं लोकांनीच धरून चालायला सुरुवात केली. केस काऊन गळते, पाण्यानं गळते का, साबणानं गळते का, आईच्या बापाला टक्कल होतं म्हणून मलेही पडन का, असं ज्याला त्याला पडलेलं कोडं लटारूच्या डाल्यापाशी येऊ लागलं. आणि लटारू हा माणूस असा की विचारलं आणि उत्तर दिलं नाही, असं त्याच्या हातून कधी झालं नाही. उत्तर माहीत नसलं तर तो आणखी मोठं उत्तर देई.

त्याचं स्वतःचं डोकं पस्तिशीतच साफ झालं होतं. कानांवरून मागे एक झालर तेवढी उरली होती. त्यावरून कोणी खोचक बोललं तर तो म्हणे, मी माझ्याच डोक्याकडं पाहत बसलो तं तुमच्याकडं कोन पाहीन. आणि तरीही कोणी ऐकलं नाही, तर तो शेवटचा पुरावा काढायचा. "माझ्या घरी चाल. वच्छलाचे केस पाह्य. मंग बोल."

वच्छला म्हणजे त्याची बायको. तिची वेणी कमरेच्या खाली येई, आणि मनगटाएवढी जाड. लटारूच्या सगळ्या इलाजांची अब्रू त्या वेणीला बांधलेली होती. वास्तविक वच्छलाने लटारूचा एकही इलाज कधी केला नव्हता. आईने दिलेले केस, आणि माहेरच्या रीतीने आठवड्यातून दोनदा मोहाच्या बियांचं तेल, एवढंच तिचं औषध. पण हे लटारूने कोणाला सांगितलं नाही आणि कोणी वच्छलाला विचारलंही नाही.

त्याच्या इलाजांनी मात्र परिसरात नाव काढलं. कॉलेजात जाणाऱ्या संघप्रियाला त्याने कांद्याचा रस सांगितला. ती पोरगी महिनाभर बसने जायची तेव्हा तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची, आणि तिला तेवढा एक फायदा झाला. घुग्घुसला कोळशाच्या खाणीत जाणारा प्रफुल म्हणाला की हेल्मेटनेच माझे केस जात आहेत. लटारू म्हणाला, डोक्याला वारा नाही, दुसरं काय? वाऱ्यापुरती भोकं पाड. प्रफुलने खिळा तापवून भोकं पाडली. खाणीच्या फाटकावर साहेबाने ते हेल्मेट उन्हाकडे धरून पाहिलं, आणि प्रफुल त्या दिवशी घरी परत आला.

पण या सगळ्यांत पोचूचं प्रकरण भारी झालं. पोचू शेजारच्या गावचा, धानाची शेती करणारा, बत्तीस वर्षांचा, कपाळ हळूहळू मागे सरकत चाललेलं. लटारूने त्याला सांगितलं की गोटा कर, तीन खेपा कर, कापलेलं गवत दाट येते का नाई? पोचूला ते पटलं. त्याने सकाळीच न्हाव्याकडून डोकं साफ करून घेतलं आणि तसाच सासुरवाडीच्या बाजाराला दोर आणायला गेला. आता इकडे माणसाने गोटा केलेला दिसला आणि हातात तिरुपतीचा प्रसाद दिसला नाही, तर घरातलं वडीलधारं गेलं, याखेरीज दुसरा अर्थ नसतो. सासऱ्याच्या भावाने त्याला लांबून पाहिलं आणि बोलायलाही न थांबता घर गाठलं. दुपारपर्यंत सासरची अकरा माणसं टेम्पोतून पोचूच्या दारात रडत उतरली. ओसरीवर पोचूचा बाप विडी ओढत बसला होता. एवढे पाहुणे एकदम रडताना पाहून त्यालाही भरून आलं. गेलं कोण ते त्याला कळेना, पण आपल्यातलंच कोणी असणार, म्हणून तोही व्याह्याच्या गळ्यात पडून रडू लागला. चांगलं पोटभर रडून झाल्यावर त्याने नाक पुसत विचारलं, "पन कोन गेला जी?" तेव्हा कुठे व्याह्याने मान वर करून पाहिलं की आपण कोणाच्या गळ्यात आहोत.

पोचूने उरलेल्या दोन खेपा केल्या नाहीत. लटारू हा किस्सा स्वतःच रंगवून सांगे आणि शेवटी म्हणे, बरोबर हाय, इलाज अर्धा सोडला त्यानं. वच्छला ऐकताना हसून हसून डोळे पुसायची. पण हसत असताना ती मनात काय गाठ मारून ठेवत होती, ते लटारूला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर वच्छलाला टायफाईड झाला. पंधरा-सोळा दिवस ताप उतरेना. सलाईन लागलं, भाताच्या पेजेवर दिवस निघाले, आणि ती उठली. हाडं दिसू लागली होती, पण उठली. दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि लटारूला वाटलं, संपलं एकदाचं. त्यानंतर वच्छला घरातही डोक्यावरून पदर घेऊ लागली. लटारूने ते पाहिलं आणि ठरवलं, थंडीचे दिवस आहेत. ती आता तो गाडी घेऊन निघून गेल्यावरच डोकं धुते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गावोगावच्या बायांचे केस चाचपणाऱ्या माणसाला घरात पाहायची सवय नव्हती.

पौषात तो वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीकडच्या गावांना गेला. दोन-अडीच महिन्यांनी त्याची तिकडे एक फेरी असे. तिथल्या एका गावात गिरजाबाई, वच्छलाची मोठी बहीण, दिलेली होती. गिरजाबाईचे केस म्हणजे चिमूटभर, पांढरे, उंदराच्या शेपटीसारखे. तिची पन्नी वर्षाला एका चमच्यापुरती भरायची. त्या दिवशी तिने आणली ती पन्नी फुगलेली होती. लटारूने सवयीने हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

त्याने एक केस ओढून काढला. तो निघतच राहिला. हातभर झाला, दीड हात झाला. काळाभोर, जरा जाडसर, टोकाला तांबूस. वास मोहाच्या तेलाचा.

लटारूने तो केस गिरजाबाईपुढे धरला. म्हणाला, "हे कोनाचे, बाई?"

गिरजाबाईने सांगितलं, माझेच, आणखी कोणाचे असणार. लटारू म्हणाला की बाई, तुमचे केस मी वीस वर्षांपासून नेऊन राह्यलो. मग ती खाली बसली आणि सांगू लागली. वच्छला दिवाळीपासून रुमालात बांधून केस आणून देत होती. घरात ठेवले तर तुम्ही पाहाल, फेकले तर गावातली कोणी पाहील, म्हणून ती बसने इथपर्यंत यायची. फणी फिरवली की मूठभर येतात, निजून उठलं की उशीवर असतात, न्हाणीची मोरी तुंबते. रडते आणि परत जाते. फेकायचा जीव होईना आणि गंजाचा मोह सुटेना, म्हणून मीच पन्नीत भरले.

लटारूने विचारलं की मग मला काऊन नाही सांगितलं? पंचक्रोशी मला विचारते.

"म्हनूनच नाई सांगतलं," गिरजाबाई म्हणाली. "वच्छला म्हने, त्याईले नोको सांगू अक्का, नाईतं इलाज सुरू करतीन ते."

लटारूने त्या दिवशी वजनाचा काटा काढलाच नाही. डाल्यातला सगळ्यात मोठा गंज उचलून गिरजाबाईपुढे ठेवला आणि सांगितलं की मी पाहिलं हे तिला कळू देऊ नका. बहिणीच्या नवऱ्याने घासाघीस न करता गंज दिला, हे पाहून गिरजाबाईचं धाबं दणाणलं. तिला वाटलं, बहिणीचं काही खरं नाही. आठ दिवसांनी वच्छला आली तेव्हा तिने तो गंज मुकाट्याने तिच्याच पिशवीत घातला.

आणि तो गंज लटारूच्या चुलीवर आला. त्यात वरण शिजत होतं. लटारूने गंजाकडे पाहिलं, वच्छलाने लटारूकडे पाहिलं. ती म्हणाली, अक्काने दिला. तो म्हणाला, चांगला आहे. एवढं बोलून दोघांनी वरणभात खाल्ला.

पण लटारू मनात हिशेब करत होता. एवढे केस म्हणजे एका बाईचे दोन वर्षांचे केस. असे गेले तर होळीपर्यंत वच्छलाच्या डोक्यावर काय राहील? आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने आपले इलाज एकेक करून मनात आठवले आणि स्वतःला विचारलं, यातून गुण कोणाला आला? फार विचार केल्यावर एक नाव सापडलं, ग्रामपंचायतीतून रिटायर झालेले बापूराव. पण बापूरावांचे केस मुळात कधी गेलेच नव्हते.

म्हणून तो माहिती काढायला चंद्रपूरला गेला. तिथे काचेच्या दाराचा एक केसांचा दवाखाना होता. टायवाल्या पोराने त्याला गार हवेत बसवलं, त्याच्याच डोक्याकडे पाहिलं आणि केस बसवण्याबद्दल सांगू लागला. डोक्याच्या मागचे केस मुळासकट एकेक काढायचे आणि पुढे एकेक लावायचे. लटारूला हे तत्काळ कळलं. हा तर धानाचा रोवणा झाला, भाताची लावणी. वाफ्यातले कोवळे पऱ्हे उपटायचे आणि दुसऱ्या बांधीच्या चिखलात रोवायचे. त्याने विचारलं की माझी पऱ्ह्याची जागा थोडी आहे, दुसऱ्याचे पऱ्हे चालतील का, माझ्या घरी पोतंभर आहेत. पोरगा म्हणाला, काका, दुसऱ्याचे केस अंगी लागत नाहीत, आणि तुमच्या पोत्यातल्यांना मूळही नाही. लटारूने मान हलवली. म्हणजे वीस वर्षं आपण धान झोडून उरलेली तणसच गोळा केली.

मग त्याने हळूच टायफाईडचं विचारलं. पोरगा म्हणाला, पेशंटला घेऊन या, आमचं एक पॅकेज आहे, स्वतःचंच रक्त काढून ते डोक्यात टोचतात. सोळा दिवसांच्या तापातून उठलेल्या वच्छलाचं आणखी रक्त काढायचं, हे ऐकून लटारू पाणीही न पिता उठला. त्याने दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं की नीलिमा नावाची चामडीची डॉक्टर दर बुधवारी गोंडपिपरीलाच येऊन बसते, आणि उगाच काही गळ्यात मारत नाही.

आता वच्छलाला न्यायचं कसं? तो तिला म्हणाला की मी माझं डोकं दाखवायला जातो आहे, तू संग चाल, डॉक्टरने सांगितलेलं माझ्या ध्यानात राहणार नाही. वच्छलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. या माणसाला या वयात केसांची हौस कुठून सुचली, ते तिला उमगेना. पण डॉक्टर काय सांगते ते तिलाही ऐकायचं होतं. तिने पदर घट्ट केला आणि गाडीवर मागे बसली.

डॉक्टरांनी लटारूचं डोकं पाहिलं आणि हे केस कधी गेले ते विचारलं. दोन हजार आठमध्ये, लटारू म्हणाला. मग आज काय झालं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं. लटारूने वीस वर्षांत लोकांनी त्याला विचारलेलं सगळं एका दमात त्यांना विचारून टाकलं. त्यांनीही न कंटाळता सांगितलं. तुमचं टक्कल घराण्यातून आलेलं आहे, ते आईकडूनही येतं आणि बापाकडूनही. पाण्याला आणि हेल्मेटला उगाच दोष देऊ नका. लावायचं औषध आहे, पण केस हवे तितकी वर्षं ते रोज लावावं लागतं, बंद केलं की आलेले जातात, आणि सुरुवातीला काहींचे थोडे जास्तच गळतात, तेव्हा घाबरायचं नाही. पुरुषांसाठी गोळ्याही आहेत, पण त्यांचे त्रास असू शकतात, म्हणून डॉक्टरला विचारूनच. तुमच्या टाळूवर मात्र इतक्या वर्षांनी आता फारसं काही यायचं नाही. गोटा केल्याने एक केसही वाढत नाही, फक्त बोथट टोकामुळे दाट वाटतो. आणि कांद्याचा रस? कांदा भाजीत घाला, त्या म्हणाल्या. मागे बसलेली वच्छला पदरात खोकली.

मग लटारूने मूळ गोष्टीला हात घातला. समजा, एखाद्याला पोळ्याला टायफाईड झाला आणि दिवाळीपासून केस जाऊ लागले तर?

"कोणाला झाला टायफाईड?"

"मलेच."

"तुमचे तर दोन हजार आठमध्ये गेले ना?"

लटारूचा हात कानांमागच्या झालरीवर गेला. "मागचे जी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून ती झालर पाहिली, दोन-चार केस ओढून पाहिले आणि सांगितलं की हे पक्के आहेत, यांना काही झालेलं नाही. तेव्हा लटारूचा धीर सुटला. "नीट पाहा ना जी," तो म्हणाला. "मूठमूठ जाऊन राह्यले. उशी भरते, मोरी तुंबते. कमरेच्या खाली होते जी, कमरेच्या खाली."

डॉक्टर त्या तुळतुळीत डोक्याकडे पाहत होत्या. मग मागून हसू फुटलं. वच्छलाला ते आवरेना. आणि हसता हसता तिला कळलं की हा सगळं जाणून आहे, आणि हसण्यातच तिला रडू आलं. तिने डोक्यावरचा पदर काढला.

"कमरेच्या खालचे माझे होते, बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला उजेडात बसवलं. वेणी आता करंगळीएवढी उरली होती. भांग रुंद झाला होता. त्यांनी केस बाजूला करून कातडी पाहिली, पेनाच्या मागच्या टोकाने कपाळावरचे केस वर केले आणि लटारूला जवळ बोलावलं. तिथे बारीक लव उभी होती, पावसाने उगवून आल्यासारखी. त्यांनी सांगितलं की डोक्यावरचे केस एरवी पाळीपाळीने गळतात आणि उगवतात. मोठ्या तापात पुष्कळ केस एकदमच वाढायचे थांबतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. ताप विसरायला झालेला असतो, म्हणून माणूस घाबरतो. मुळं जागेवर आहेत. नवे येत आहेत. फक्त रक्त तपासू, कमी असेल तर गोळ्या देते, थायरॉईडही पाहू. आणि पोटभर जेवायचं, डाळ, अंडी, भाजी.

"आन इलाज?" लटारूने विचारलं.

"वाट पाहायची. सहा-आठ महिने."

"आनखी?"

"आणखी काही नाही. तुम्ही काही करायचं नाही."

ते शेवटचं त्या त्याच्याकडे पाहून म्हणाल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण माणूस ओळखला त्यांनी.

रक्त कमीच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. वच्छला डोक्यावर पदर न घेता अंगणात बसू लागली, आणि लटारूसमोर डोकं विंचरू लागली. लटारूचे मात्र फार हाल झाले. काहीच करायचं नाही, असा इलाज त्याने उभ्या जन्मात कोणाला सांगितला नव्हता. तो हातात बाटली घेऊन यायचा आणि तसाच परत जायचा. एकदा मेथी वाटली, आणि वच्छलाने तिची भाजी केली. गावोगावी बाया विचारत, केस काऊन गळते भाऊ, तर तो उलट विचारी की तीन महिन्यांआधी ताप आला होता का, बाळंतपण झालं का, नाहीतर बुधवारी डॉक्टरला दाखव. बाया आपसांत म्हणू लागल्या, लटारूचं सारं ज्ञान गेलं, बिचाऱ्याला आता काहीच येत नाही.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी वच्छलाने त्याला अंगणात हाक मारली. उन्हाकडे तोंड करून ती बसली होती. भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळावर बोटाच्या पेराएवढे केस उभे राहिले होते, कितीही तेल लावा, खाली बसायला तयार नाहीत. लटारूने चष्मा आणला. वाकून, या कानापासून त्या कानापर्यंत पाहिलं. मग त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नोका जी," वच्छला म्हणाली. "नुसतं पाहा."

लटारूने तोंड मिटलं. डॉक्टरांनी केलं होतं तसं त्याने चार-सहा केस चिमटीत धरले आणि हलकेच ओढले. चिमूट उघडून पाहिली, काहीच आलं नव्हतं. तो तसाच ती रिकामी बोटं उन्हात धरून हसत उभा राहिला, आणि चौकात त्याची वाट पाहणाऱ्या बाया पन्न्या घेऊन बराच वेळ ताटकळल्या.